लाकडी बदकांची भूल

(नभोवाणीवरील भाषण)

काही वर्षांपूर्वी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात माझ्या पुतण्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. त्याच्या दिवाणखान्यात, पुस्तकांच्या कपाटावर, एक लाकडी बदक ठेवलेले होते. त्याचा रंग जागोजाग उडालेला, चोचीचे टोक झिजलेले, पाठीवर बारीक बारीक छिद्रे आणि पोटाखाली शिशाचा एक ओबडधोबड तुकडा खिळ्यांनी ठोकलेला. घरातील बाकीचे सामान नवे, चकचकीत. त्यात हे एवढेच दरिद्री दिसत होते. एके दुपारी घरात एकटा असताना मला परोपकाराची लहर आली. पॉलिश पेपर हाताशी होता, रंगाचा डबाही होता. बदक खाली काढून मी कामाला लागणार, एवढ्यात पुतण्या दारात उभा!

"काका, त्याला हात लावू नका!" तो जवळजवळ ओरडलाच. मग स्वतःच ओशाळून म्हणाला, "त्याचं काय आहे काका, मी पैसे मोजले ते त्या उडालेल्या रंगासाठीच."

माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसाला हे वाक्य वेडेपणाचेच वाटले. नव्या वस्तूला किंमत द्यावी, जुनी झाली की मोडीत घालावी, हा आपला प्रपंचाचा हिशेब. परंतु पुढच्या रविवारी तो मला तिथून जवळच्या हॅव्हर डी ग्रेस या गावी घेऊन गेला. सस्क्वेहाना नदी जेथे चेसापीक उपसागराला मिळते, त्या तोंडाशी हे गाव वसले आहे, आणि तेथे केवळ अशा लाकडी बदकांचे एक संग्रहालय १९८६ साली स्थापन झाले आहे. तेथून परतताना माझा हिशेब पार विस्कटला होता. त्या विस्कटलेल्या हिशेबाविषयीच आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

इंग्रजीत या बदकांना डिकॉय म्हणतात. 'पिंजरा' या अर्थाच्या डच शब्दापासून हा शब्द आला असावा, असे मानले जाते. आपण त्यांना भुलवी बदके म्हणू. त्यांच्यामागची युक्ती साधी आहे. बदक हा समुदायप्रिय पक्षी. आकाशातून जाताना खाली पाण्यावर आपले जातभाई निवांत चरताना दिसले, की येथे खाणे आहे आणि भय नाही, असे समजून थवा खाली उतरतो. शिकाऱ्याने हे हेरले आणि बदकांच्या प्रतिमा करून पाण्यावर सोडल्या. थवा वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उतरतो. म्हणून वाऱ्याचा रोख पाहून ही लाकडी पाखरे मांडावयाची, तळाला वजन बांधून दोरीने एका जागी रोखावयाची आणि स्वतः लव्हाळ्यांत दडून बसावयाचे.

ही युक्ती गोऱ्या माणसाने अमेरिकेत नेलेली नव्हे. नेव्हाडा राज्यातील लव्हलॉक नावाच्या गुहेत १९२४ साली उत्खनन झाले, तेव्हा लव्हाळ्यासारख्या पाणगवताची, वळून बांधलेली ११ भुलवी बदके सापडली. काहींवर रंग होता, पिसेही खोवलेली होती. त्यांचे वय सुमारे २००० वर्षे ठरले आहे. म्हणजे आपल्याकडे सातवाहनांचे राज्य नांदत होते, त्या सुमारास तेथील कोण्या आदिवासी शिकाऱ्याने ही पाखरे वळली आणि पुढच्या हंगामासाठी जपून पुरून ठेवली. तो हंगाम त्याच्या नशिबी आला नाही. बदके मात्र राहिली.

युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी मूळ रहिवाशांपासून ही कला उचलली आणि गवताऐवजी लाकूड वापरले. पांढरा सीडर किंवा पाइन हे हलके लाकूड. कुऱ्हाडीने ओबड आकार काढावयाचा, आरीच्या सुरीने तासावयाचा, डोके वेगळे कोरून मानेशी बसवावयाचे आणि घरात उरलेल्या रंगाने रंगवावयाचे. एवढ्यावर भागत होते, कारण काम शिकाऱ्याच्या घरापुरते होते. परंतु एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली, बर्फात घालून माल दूर पाठवता येऊ लागला, आणि चेसापीकची बदके बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथील हॉटेलांच्या ताटांत जाऊन पडू लागली. कॅनव्हासबॅक नावाचे बदक तर धनिकांच्या मेजवानीचे भूषणच झाले. आपल्याकडे हिवाळ्यात जी लालसरी येते, तिचेच ते जवळचे आप्त. सस्क्वेहानाच्या मुखाशी उथळ पाण्याखाली एक गवत माजे. ते खाऊन या बदकांच्या मांसाला विशेष चव येते, अशी ख्याती होती.

मग शिकारीचा धंदा झाला. त्या धंद्याचे एक साधन मी संग्रहालयात पाहिले आणि अंगावर काटा आला. शवपेटीसारखी एक लाकडी पेटी. तिच्या चहूकडे पाण्यावर पसरणारे पंखांसारखे चौकटीचे पडदे. शिकारी तिच्यात उताणा निजे. पेटीची कड पाण्याच्या पातळीला यावी म्हणून त्या पंखांवर ओतीव लोखंडाची जड बदके ठेवीत आणि सभोवार लाकडी बदके शेकड्यांनी सोडीत. वरून येणाऱ्या थव्याला पेटी दिसत नसे, माणूस दिसत नसे. दिसे ती केवळ आपल्या भावंडांची निवांत वस्ती. थवा उतरू लागला की पेटीतला माणूस उठून बसे. लहान तोफेसारख्या बंदुकाही होत्या. रात्री होडीच्या टोकाला बांधून एका बारात पाखरांचा सडा पाडणाऱ्या.

याचा शेवट काय व्हावा? ज्या पॅसेंजर कबुतरांच्या थव्यांनी अमेरिकेचे आकाश झाकोळून जात असे, त्यांच्यातील शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. लॅब्राडॉर बदक त्यापूर्वीच, १८७० नंतरच्या दशकात, नाहीसे झाले होते. उशिरा का होईना, देशाला जाग आली. बेकायदा मारलेल्या पाखरांचा राज्याराज्यांतील व्यापार १९०० च्या कायद्याने बंद झाला. १९१६ साली कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी तह झाला आणि त्यानुसार १९१८ साली स्थलांतरी पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा आला. बाजारासाठी शिकार करणे संपले. १९३५ मध्ये ती शवपेटीसारखी पेटीही निषिद्ध ठरली. हौसेची शिकार नियमांच्या चौकटीत चालू राहिली. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकची स्वस्त बदके निघाली आणि लाकडी बदकांचे काम संपले. कित्येक फुटली, कित्येक वाहून गेली, आणि कित्येक थंडीच्या दिवसांत शेगडीत जळाली.

श्रोतेहो, येथवरची कथा हत्येची आहे, हे मी लपवीत नाही. परंतु याच कथेत दुसरीही एक कथा गुंतलेली आहे, ती करणाऱ्या हातांची.

ही बदके घडवणारी माणसे कोण होती? कलाशाळेचे तोंड त्यांतील फारच थोड्यांनी पाहिले असेल. मेरीलँडच्या क्रिसफील्ड गावातील स्टीव्ह आणि लेम वॉर्ड हे दोघे भाऊ न्हावी होते. त्यांचा बापही न्हावी, आणि तोही बदके कोरी. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा स्टीव्हने लाकूड तासावे आणि लेमने रंगवावे, असा त्यांचा क्रम. आम्ही लाकडातली खोटी पाखरे पाडणारे, अशी ओळख ते स्वतःच थट्टेने करून देत. हॅव्हर डी ग्रेसचे मॅडिसन मिचेल हे व्यवसायाने अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे. मेनचे गस विल्सन दीपगृहाचे रखवालदार. इलिनॉय राज्यातील चार्ल्स पर्ड्यू बदके कोरीत आणि त्यांची पत्नी एडना ती रंगवी. पाखराचे प्राण रंगात, असे मानले तर अर्धे श्रेय तिचे. परंतु नाव बहुधा नवऱ्याचेच घेतले जाते. न्हावी, दीपगृहाचा रखवालदार, एका कारागिराची गृहिणी! ही माणसे डझनाच्या भावाने बदके विकीत, आणि एका बदकाचे जे दोन-चार पैसे सुटत, त्यात त्यांना समाधान होते.

परंतु काम मात्र त्यांनी दोन-चार पैशांचे केले नाही. त्यांचा परीक्षक फार कडक होता. हॉटेलातल्या गिऱ्हाइकाला फसवता येते, चित्राच्या टीकाकारालाही फसवता येत असेल. पण आकाशातून उतरणाऱ्या रानबदकाची नजर फसवणे सोपे नव्हे. मान ताठ राहिली तर थव्याला भयाचा इशारा मिळतो आणि तो वळसा घालून निघून जातो. मान खांद्यात ओढलेली, चोच किंचित झुकलेली, म्हणजे स्वस्थतेची खूण. ही स्वस्थता लाकडात आणावयाची, तर वर्षानुवर्षे पहाटेच्या थंडीत पाण्याकाठी बसून पाखरू पाहिलेले असावे लागते. मॅसॅच्युसेट्सच्या ईस्ट हार्विच येथील एल्मर क्रोवेल याची बदके पाहिली म्हणजे हे पटते. १८६२ साली जन्मलेला हा माणूस तरुणपणी शिकारीच्या तळांची देखरेख करी. त्याने कोरलेले एक बदक मान मागे वळवून आपले पीस चोचीने नीट करीत आहे. मारण्यासाठी केलेल्या वस्तूत एवढे प्रेम कोठून आले, हा प्रश्न मला त्या संग्रहालयात पडला आणि अजूनही सुटलेला नाही. कदाचित ज्याला पाखरू इतक्या बारकाईने पाहावे लागते, त्याच्या मनात ते घर केल्यावाचून राहात नसेल.

या वस्तूंकडे वस्तू म्हणून प्रथम कोणी पाहिले, त्याचेही नाव इतिहासात आहे. जोएल बार्बर हा न्यूयॉर्कचा वास्तुशिल्पी. १९१८ साली लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर त्याला एक जुने, टाकून दिलेले भुलवे बदक मिळाले, आणि तेथून त्याला नाद लागला. ज्या वर्षी स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा झाला, त्याच वर्षी हा संग्रह सुरू व्हावा, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. बंदूक खाली ठेवावी लागली, तेव्हा कोठे माणसाची नजर हातातल्या बदकाकडे गेली. बार्बर गावोगाव हिंडला, होड्यांच्या कोठारांतून धुळीत पडलेली बदके गोळा केली, आणि मुख्य म्हणजे करणारांची नावे विचारून लिहून ठेवली. १९३४ साली त्याने या विषयावरचे पहिले मोठे पुस्तक काढले. त्याचा संग्रह पुढे व्हरमाँटमधील शेलबर्न संग्रहालयात गेला. त्याने नावे विचारली नसती, तर आज कित्येक बदकांखाली 'कर्ता अज्ञात' एवढीच चिठ्ठी असती.

आता संग्राहक काय पाहतो, ते थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट मूळ रंग. धंदेवाईक शिकारी दर हंगामाला बदके पुन्हा रंगवून काढीत. त्यामुळे कर्त्याने स्वतः दिलेला रंग टिकलेले बदक विरळा. दुसरी गोष्ट झीज. मानेला धरून होडीत फेकले जाते म्हणून मानेवरचा रंग आधी जातो. एकावर एक रचली जातात म्हणून चोच आणि शेपटी झिजते. दोरीची कडी असते तेथे लाकडाला वण पडतो. तिसरी गोष्ट पोट. बदक उलटे केले की त्याची कुंडली दिसते: वजनाचा शिशाचा तुकडा, मालकाच्या आद्याक्षरांचा डाग, क्रोवेलसारख्याचा लंबगोल शिक्का. डेट्रॉइटमधील मेसन कारखान्याने १८९६ ते १९२४ पर्यंत लेथवर अंगे काढून हाताने रंगवलेली हजारो बदके विकली. त्यांचीही एक वेगळी ओळख आहे, आणि नवख्या संग्राहकाचा आरंभ बहुधा त्यांच्यापासूनच होतो.

जेथे किंमत आली, तेथे लबाडी आली. पाखरांना फसवण्यासाठी केलेली वस्तू आता माणसांना फसवू लागली आहे! नवे बदक कोरून, त्याला वाळूने घासून, धुरात धरून जुने म्हणून विकणारे महाभाग निघाले. म्हणून जाणकार लोक क्ष-किरणांनी आतील खिळे पाहतात, विशिष्ट प्रकाशात रंगाचे थर तपासतात. पुतण्या म्हणाला, "खोट्या बदकाची झीज सगळीकडे सारखी असते, काका. खऱ्याची जिथे हात लागतो तिथेच असते." मला ही सर्वच जुन्या वस्तूंची कसोटी वाटली.

किंमत कोठवर गेली, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. २००७ साली क्रोवेलची दोन बदके प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरना विकली गेली. त्यांतील एक, निजलेला कॅनडा हंस. दुसरे, मघाशी सांगितलेले पीस साफ करणारे बदक. क्रोवेल १९५२ सालीच वारला होता. वॉर्ड बंधूंपैकी लेमला १९८३ साली राष्ट्रीय पातळीवर लोककलेचा मोठा सन्मान मिळाला, तेव्हा स्टीव्हला जाऊन सात वर्षे झाली होती आणि लेमच्याही आयुष्याचे वर्षच उरले होते. अशी ही दाद. पाखरू आकाशातून उतरते तेव्हा तात्काळ मिळते. माणसांकडून येते, ती बहुधा कारागीर गेल्यावर.

क्रोवेलचे ते पीस साफ करणारे बदक कोणत्या जातीचे आहे, हे मी मुद्दाम मागे ठेवले होते. ते पिनटेल आहे. म्हणजे आपले तलवार बदक. तीच लांब टोकदार शेपटी, तीच मानेवर चढत गेलेली पांढरी रेघ. बडोद्याजवळच्या वढवाणा तलावावर, इंदूरच्या सिरपूर तलावावर, नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात हीच जात उतरते. आणि तिचा संहार करण्यात आपला देशही मागे नव्हता. भरतपूरच्या पाणथळीवर १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पाखरे पडली. ती नोंद तेथील दगडावर कोरलेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते दिवस संपले. अमेरिकेने आपल्या त्या काळाची आठवण म्हणून लाकडी पाखरे जपली. आपल्याकडे आकडे कोरलेला एक दगड उरला.

आता एक कबुली देऊन हे भाषण संपवतो. बेळगावच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर एक पांगुळगाडा होता. माझे वडील त्याला धरून चालायला शिकले, मी शिकलो, माझी मुले शिकली. आडव्या दांडीवर लहान मुठींनी धरून धरून अशी झिलई आली होती, की पॉलिशवाल्यालाही साधू नये. दांडीच्या दोन्ही टोकांना सुताराने पोपट कोरले होते. त्यांतील एकाची चोच कोण्या दात येणाऱ्या बाळाने चावून बोथट केली होती. घर विकण्याच्या वर्षी, दिवाळीच्या पहाटे, बंबाला ढलप्या कमी पडल्या. माळ्यावर जाऊन मी स्वतःच तो पांगुळगाडा खाली आणला आणि कोयत्याने फोडला. लाकूड वाळलेले होते. पाणी लवकर तापले. अभ्यंगस्नान यथासांग पार पडले. त्या वेळी मला काही म्हणजे काही वाटले नाही.

परदेशातील त्या संग्रहालयात काचेआड ठेवलेल्या चोच झिजलेल्या बदकासमोर उभा असताना मला तो पोपट आठवला. तो कोणी कोरला होता? आजोबांनी कोणत्या सुताराकडून करून घेतला? वडील असताना मी विचारले नाही, आणि आता सांगणारे कोणी उरले नाही. पुतण्याच्या बदकावर मी जो पॉलिश पेपर चालवायला निघालो होतो, तोच आपण सारे आपापल्या घरांत रोज चालवीत असतो.

आपल्या भोवती अजून असे हात आहेत. सावंतवाडीच्या चितारआळीत आहेत, आपल्या गोकाकमध्ये आहेत, हैदराबादकडील मंडळींना जवळच्या निर्मलमध्ये आहेत. संग्रह करा, लाखो मोजा, असे माझे सांगणे नाही. एवढेच करा: पुढच्या खेपेस एखादे लाकडी फळ, एखादी बाहुली, एखादे पाखरू विकत घेतलेत, तर करणाऱ्याला त्याचे नाव विचारा, आणि ते नाव व साल वस्तूच्या तळाला पेन्सिलीने लिहून ठेवा. घरातली जुनी वस्तू टाकण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना ती कोणी केली एवढे विचारा. त्याला खर्च नाही, जागा लागत नाही.

बदके फसून खाली उतरत, त्यांत त्यांचा दोष नव्हता. आपण मात्र नव्याच्या लकाकीला डोळे उघडे ठेवून भुलतो. त्या भुलीतून आपण थोडे सावध व्हावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.